वाऱ्याला वंगण

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, हसायचं तेवढं हसून घ्या. जन्मभर गावाला गंडवत आलो, पण मला गंडवणारा एकच निघाला. कोण? मीच की!

नव्वद साल उलटून गेलं होतं. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या येणार म्हणून बोलवा उठली. पण कंपनी आधी वारा मोजणार. आमच्या पठारावर उंच खांब उभा केला, टोकाला तीन वाट्या. वाऱ्यानं वाट्या फिरायच्या आणि किती फिरल्या ते खालच्या पेटीत नोंदलं जायचं. तसलाच दुसरा खांब पलीकडच्या पठारावर, माझा मेव्हणा बाबूराव याच्या रानात. ज्याचा वारा जास्त त्याच्याकडं चक्क्या, शिवाय वरपर्यंत पक्का रस्ता! खांबाचा राखणदार इकडं मी, तिकडं तो.

मी त्याला काय कमी छळलं?

"पाव्हणं, आमी वापरून उरलेला वारा तुमच्याकडं येतोय!"

"बगू की, दाजी."

खंडेनवमीला मोजणीवाले साहेब तार बदलायला आले. खांब आडवा केला नि आमच्याकडं जेवायला बसले. आता त्या दिवशी आपण काय करतो? नांगर, कोयता, गाडी, सगळ्याला तेलपाणी करून पुजतो. मग वाट्यांनीच काय घोडं मारलंय?

कारभारीण म्हणाली, "आवं, हळदकुंकू लावा नि गुमान या."

गुमान येईन तो मी कसला! बैलगाडीच्या आसाला घालतो ते काळं वंगण घेतलं, चांगलं पसाभर, आणि वाट्यांच्या बुडात, जिथं त्या फिरतात तिथं, ठासून भरलं. वंगणानं गाडी पळती, मग वाट्या न्हाई पळायच्या? वर झेंडूचं फूल खोचलं. साहेब जेवून सुस्तावलेले. त्यांनी फूल तेवढं काढलं नि खांब उभा केला.

पुढं थंडी पडली, तांबडी धूळ उडायला लागली. एक दिवस कारभारीण म्हणाली, "आवं, त्या वाट्या हालंनात."

"येडे, पंखा फुल्ल सोडल्यावर पाती दिसत्यात व्हय? लय जोरात फिरत्यात, म्हणून थांबल्यागत दिसत्यात!"

हे शास्त्र मी पारावर बसून साऱ्या गावालाही शिकवलं. लोकांनी माना डोलावल्या!

दोन महिन्यांनी साहेब आले. पेटीतले आकडे बघून डोकं धरून बसले.

"काका, दसऱ्यापासून इथं वाराच नाही!"

"न्हाई कसा?" म्हणतोय तोवर माझी टोपी उडाली. गेली ती थेट बाबूरावाच्या रानाकडं.

साहेबांनी वर बघितलं. खांब खाली घेतला. वाट्यांच्या बुडात बोट घातलं, ते काळंकुट्ट निघालं.

"हे काय?"

"वंगण, साहेब. लय मायेनं घातलंय."

"अहो, थंडीनं नि धुळीनं ते थिजून वाट्या अडकल्या! दोन महिन्यांची नोंद गेली! कंपनी आता थांबायची नाही. चक्क्या पलीकडं जाणार."

गेल्याच. रस्ताही तिकडंच गेला. बाबूराव माणूस मोठ्या मनाचा. पहिली चक्की उभी राहिली तेव्हा माझी टोपी धुऊन, घडी घालून परत दिली. "दाजी, उरलेला वारा बी बरा निघाला की!" म्हणाला, आणि नारळ फोडायचा मान मलाच दिला.

मी ऐटीत पुढं झालो. साहेब मधे आडवे आले. चारशे माणसांसमोर त्यांनी आधी माझे दोन्ही हात हुंगून बघितले, मगच नारळ दिला!