मी मागचा

धोंडूदादा परब गेले हे सांगायला लालबागहून तिघे जण माहीमला माझ्या घरी आले आणि तिघांनी तीन हकिकती सांगितल्या. एक म्हणाला झोपेत गेले, दुसरा म्हणाला चहा पिऊन, तिसरा म्हणाला नव्वदी गाठून हसत हसत. चहा घेतल्याशिवाय दादा कुठे निघालेच नसते, तेव्हा दुसरा खरा. आणि हसले असणारच, म्हणून तिसराही.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत दादा आमच्या चाळीचे पुढारी. पण पुढे असे कधी दिसलेच नाहीत. मोर्चाचं तोंड गिरगावात पोचलं तरी शेपटाला दादा अजून परळच्या नाक्यावर. भाषण जन्मात एकदा केलं. लोकांनी बळेच माइकपुढे उभं केलं, तेव्हा "बसा" म्हणाले आणि स्वतःच बसले. टाळ्या अशा पडल्या की अँटॉप हिलवरचे कावळे उडाले ते अजून परतलेले नाहीत... ज्याला खोटं वाटत असेल त्याने जाऊन बघावं.

मागे राहण्याचं कारण होतं. लाठ्या चालल्या की माणसं पळतात आणि चपला रस्त्यावर राहतात. दादा त्या गोणपाटाच्या पिशवीत भरून आणायचे आणि चाळीच्या जिन्यात मांडायचे. ज्याच्या त्याने ओळखून न्याव्यात. जो जोड उरेल, त्याचा धनी घरी पोचलेला नाही. मग तो जोड बगलेत मारून दादा शोधायला निघायचे.

एकदा माझाच उरला. आई त्या चपलांशेजारी पायरीवर बसून राहिली. मी होतो गिरगावातल्या एका कोठडीत, टोपलीतल्या मासळीसारखा दाबलेला. दादा तिथवर पोचले खरे, पण फौजदाराने नाव विचारलं आणि पंचाईत झाली. मी तेव्हा इतका किडकिडीत, की वाळत घातलेल्या धोतराने मला दोनदा उडवून नेलं होतं. सगळी चाळ मला बोंबील म्हणायची, खरं नाव दादांना ठाऊकच नव्हतं.

"साहेब, आत आमचा एक बोंबील आहे."

"हा मासळीबाजार वाटला काय?"

दादांनी चपला टेबलावर ठेवल्या. एकीचा अंगठा आईने हिरव्या दोऱ्याने शिवलेला. "ह्या चपलांचे पाय द्या, साहेब. आई जिन्यात बसलीय."

"तुम्ही पुढारी कुठले?"

"नाही हो, मी मागचा."

फौजदाराने टेबलावरच्या चपला पाहिल्या, मग दादांचे अनवाणी पाय. दादांच्या स्वतःच्या चपला त्याच पळापळीत गेल्या होत्या. त्या उचलायला त्यांच्या मागे कोणी नव्हतं. मला सोडलं. वाटेत दादांनी एवढंच विचारलं, "जेवलास काय रे?"

पुढे पुष्कळ पुढारी पाहिले. सभेला किती आले, हे सगळ्यांना तोंडपाठ. कोण घरी पोचलं नाही हे विचारणारा हा एकच.

अंत्ययात्रेत मात्र दादा सगळ्यांच्या पुढे. शोभत नव्हतं. परतल्यावर माणसं त्यांच्या खोलीत बसली, दादांचे किस्से सांगून हसली, आपापल्या चपला घालून गेली. दाराशी एक जोड उरला. सवयीने मीच हाक दिली, "अरे, कोण राहिलं?"

आतून सूनबाई म्हणाल्या, "बाबांच्या आहेत त्या."

खिळ्याला ती गोणपाटाची पिशवी अजून होती. जोड झटकून तिच्यात ठेवला आणि सगळे उतरले की नाही ते बघत, सगळ्यांच्या मागून जिना उतरलो.