मिस्त्रीमामांची जीभ आणि माझं घर

माझ्या अंगावर आज जो शिक्षकाचा शर्ट आहे, त्यासाठी मी सगळ्यांत जास्त देणं लागतो ते दारव्ह्याच्या मिस्त्रीमामांचं. ते माझे मामा नव्हेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे गवंडी, एवढंच नातं. पण दारव्हा तालुक्यात जुनं घर विकत घेणारा असा एकही माणूस नसेल, ज्यानं इसार देण्याआधी मामांना त्या घरात नेलं नाही. वकील कागद पाहायचा, मामा घर पाहायचे, आणि लोक वकिलापेक्षा मामांना जास्त भ्यायचे. कागदातली चूक निस्तरता येते. मामांनी एखाद्या घरासमोर नुसतं चपला घालून ‘चाला’ म्हटलं की त्या घराला पुढची चार वर्षं गिऱ्हाईक मिळत नसे.

त्यांची घर पाहण्याची रीत इतर मिस्त्र्यांसारखी नव्हती. टेप त्यांच्या खिशात असायचा, पण तो मी कधी उघडलेला पाहिला नाही. पडक्या घरातसुद्धा ते चपला बाहेर काढून जात. घराचा मालक सोबत आलेला त्यांना चालत नसे. ‘आपल्या पोरीची खोड कोनी सांगते काय?’ असं म्हणून त्याला ते बाहेर उभं करत. त्याला एकच प्रश्न विचारत, ‘जेवाले कुठी बसता?’ मालक गोंधळून जागा दाखवायचा. त्यातलं इंगित मला पुढं कळलं. ‘घरात जिथं पाणी गळत नाई तिथंच मानूस ताट घेऊन बसते,’ मामा म्हणाले. ‘तेवढी जागा सोडून बाकीचं छप्पर पाहाचं.’ मग ते तांब्याभर पाणी फरशीवर ओतत आणि ते जिकडं जाईल तिकडं त्याच्यामागं ओणवे चालत, जणू रांगणारं लेकरू चुलीकडं जात आहे. भिंतीला भेग दिसली की तिच्यात बोट घालून डोळे मिटत. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यासोबत घरंही हलतात. मामा नुसत्या बोटानं सांगत, ‘ही उन्हाळ्याची भेग हाये, पानी पडलं का मिटते. अन् ही मातर कायमची.’

आणि मग ते भिंत चाटत.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. जमिनीपासून वीतभर वर, कमरेशी आणि छातीशी, अशा तीन ठिकाणी ते गिलाव्याला जीभ लावत. जमिनीतलं पाणी भिंतीत चढलं की सोबत खार चढतो, त्याला लोणा म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही रंग मारा, वर्षभरात पापुद्रे सुटतात. रंग लावून लोणा डोळ्यांपासून लपवता येतो, पण मामांच्या जिभेपासून नाही. ‘ही भिंत शेवेसारखी हाये’ म्हणजे चालून जाईल. ‘ही लोनच्यावानी हाये’ म्हणजे सगळा गिलावा खरवडा. आर्णी रोडवरच्या एका घरात मालकिणीनं खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि ती धावत पोह्यांची बशी घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, ‘अवो, आधी खाऊ तं घाला बिचाऱ्याले, भित चाटून राह्यला तो!’ मामांनी पोहे शांतपणे खाल्ले, चूळ भरली, उरलेल्या भिंती चाटल्या आणि बशी परत देताना सांगितलं, ‘बाई, पोह्यात मीठ कमी हाये. भितीत जास्त हाये.’

दुरुस्तीचा खर्च ते कधी रुपयांत सांगत नसत. रुपये दरसाल बदलतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची मापं वेगळी होती. सगळ्यांत लहान माप ‘एक बारसं’. त्यावर ‘बैलजोडी’, त्यावर ‘पोरीचं लग्न’, आणि सगळ्यांत मोठं ‘पोराचं इंजिनेरिंग’. ‘घर दिसाले सोपं हाये, पन त्याले एक लग्न अन् वरून एक बैलजोडी लागन,’ असं ते सांगत आणि घेणारा मनातल्या मनात हिशेब करू लागे. एकदा एका गिऱ्हाइकाला कर्जासाठी लेखी अंदाजपत्रक हवं होतं. मामा चौथी शिकलेले. त्यांनी वहीच्या कागदावर ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, ‘लग्न दोन. पैकी एक बिनजेवणाचं.’ बँकेच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं म्हणे, ‘मुली किती आहेत तुम्हाला?’

आता माझ्याविषयी थोडं. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमची एक खोली, त्यात सात माणसं, आणि त्या सातांत कॉलेजात जाणारा मी पहिला. मी पुस्तक उघडलं की कुणीतरी त्यावर दळणाचा डबा ठेवायचं. एक दिवस मामांनी मला पाणपोईच्या मागं, सायकलींच्या गर्दीत वाचताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक किल्ली ठेवली. अंदाज पुरा होईपर्यंत घराची किल्ली मिस्त्रीकडं राहायची, अशी आमच्याकडची पद्धत. ‘जा, आत बसून वाच,’ ते म्हणाले. ‘घराले मानसाचा आवाज लागते. मोठ्यानं वाच.’ असा मी बी.ए.चा अभ्यास तीन वर्षांत अकरा रिकाम्या घरांत केला. पहिल्या वर्षाचं राज्यशास्त्र मला अजून ओल्या गिलाव्याच्या वासासकट आठवतं.

एरवी मामा एका दुपारी घर पाहून मोकळे होत. परीक्षा जवळ आली की त्यांना वीस-वीस दिवस लागायचे. शेवटच्या वर्षी मी आत इतिहास वाचत होतो आणि घर घेणारा सोयाबीनचा व्यापारी बाहेर ओट्यापाशी त्यांच्याशी भांडत होता, ते मी ऐकलं.

‘मिस्त्री, दोन खोल्या हायेत साऱ्या! वीस दिवसापासून काय पाहून राह्यला तुमी?’

‘घर बिमार हाये, शेठ. बिमार मानसाले घाईनं पाहाचं नसते.’

‘आतून तं कोनी बोलल्यासारखं वाटून राह्यलं.’

‘मंग? बिमारच हाये म्हनलो न मी!’

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. सेकंड क्लास म्हणजे काय हे त्यांनी नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे गिलावा बरा हाये. नोकरी लागू दे, मंग पाया पाहू.’ नोकरी लागली. आर्णीजवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक झालो. मामा त्या दिवसापासून मला ‘गुरुजी’ म्हणू लागले, पण म्हणताना असे हसत की वाटावं, त्यांनीच कुणाला तरी फसवून हे काम करून घेतलं आहे.

पुढं मामी गेल्या आणि त्यांच्या मुलीनं, आम्ही तिला ताई म्हणतो, त्यांना राजूरला नेलं. जावई कोळशाच्या खाणीत, राहायला खाणीच्या कॉलनीत. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की भांडी किणकिणतात, आणि मामा उठून भिंतीला हात लावून उभे राहतात, असं ताई सांगायची. त्यांच्याविना दारव्ह्यात घरं विकली गेली, घेतली गेली. मी मात्र भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. घर हवं, असं मनात फार जुनं होतं. वडील गेल्यापासून आई त्याच एका खोलीत राहते. माझ्याकडं आर्णीला येऊन राहिली की आठव्या दिवशी तिला दारव्हा आठवतं.

मग दारव्ह्यातच आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक घर विकायला निघालं. एका निवृत्त मास्तरांचं, तीन खोल्या, स्वयंपाकघरावर टिनपत्रे, अंगणात सीताफळाचं झाड. मास्तर मुलाकडं अमरावतीला जाऊन वर्ष झालेलं. आई बाजाराचं निमित्त काढून तीनदा ते पाहून आली. ‘मी काई आत गेलती नाई,’ ती म्हणाली. ‘उभी होती फक्त. सावली चांगली हाये.’ आईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही. हे जवळजवळ मागण्यासारखं होतं.

मी राजूरला फोन केला. मामा पंच्याहत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरले. चपला बाहेर काढल्या. मला बाहेर उभं केलं. अमरावतीला फोन लावून मास्तरांना विचारलं, ‘जेवाले कुठी बसत होते?’ तांब्या ओतला. ओणवं होता येईना, म्हणून पाण्यामागं खुर्ची सरकवत गेले. शेवटी भिंती. मी खिडकीतून पाहत होतो. तीन ठिकाणी जीभ लावली, डोळे मिटले आणि हसतच बाहेर आले.

‘गोड हाये भित! मीठ नाई. घेऊन टाक, गुरुजी. रंग मार अन् राह्याले ये.’

‘मामा, खर्च?’

‘एक बारसं. तेई गरिबाघरचं.’

मला तिथंच त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. दुपारी ते आमच्याकडं जेवले. आईनं भाकरी, वरण, वांग्याची भाजी केली होती. मामा दोन वाट्या वरण प्याले, ‘वयनी, असं वरन राजूरले भेटत नाई’ म्हणाले आणि चारच्या बसनं गेले. मग आई आणि मी जेवायला बसलो. पहिल्याच घासाला ती थांबली.

‘मी वरनात मीठच टाकलं नाई रे,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ‘त्याईले कसं समजलं नाई?’

मी उठून त्या घराकडं गेलो. उजेड होता. कुणी पाहत नाही ना याची खात्री करून मी मधल्या खोलीच्या भिंतीला जीभ लावली. खारट. दुसरी भिंत, तिसरी भिंत, कमरेपर्यंत खारट. लोणच्यासारखी.

ताईला फोन केला तेव्हा ती आधी फोन घेऊन अंगणात गेली. मग म्हणाली, ‘हिवाळ्यापासून चव गेली बाबाची. भाजीत मीठ पडो का नोको. त्याईले वाटते इकडचं मीठच पुचाट हाये. आमी सांगतलं नाई, भाऊ. कसं सांगाव? जनमभर चव पाहूनच तं पोट भरलं त्यानं.’

एका तरुण ठेकेदाराकडून मी नवा अंदाज करून घेतला. त्यानं भिंतीला यंत्र लावलं आणि आकडा सांगितला. मामांच्या मापात तो एक लग्न होता, जेवणासकट. मला आकड्याची धास्ती वाटली, पण त्याहून जास्त त्या फोनची, जो रोज राजूरहून येऊ लागला. ‘घेतलं काय, गुरुजी? अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं मी, का आपल्या पोराचं घर आपनच पास केलं. इथलेबी दोघंजन आता मले घ्याचं घर दाखवाले नेऊन राह्यले.’ माझं मी सोसलं असतं. ती दोन माणसं कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण मामांच्या शब्दावर ती घर घेणार होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द परक्याला बुडवणार होता. फोनवर ते मला बोलू देत नाहीत, आणि दिलं असतं तरी माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र सावकाश वाचा आणि पूर्ण वाचल्याशिवाय ताईला हाक मारू नका.

मी घराचा इसार दिला. आईच्या हातून दिला. पण तुम्ही गेल्यावर मी भिंत चाखली होती, मामा. ती खारट आहे. तिन्ही बाजूंनी, कमरेपर्यंत. तुमची नजर चुकलेली नाही, हातही चुकलेला नाही. तुमच्या जिभेची चव गेली आहे. त्या दिवशी आमच्या वरणात मीठ नव्हतं. ताईला हे माहीत आहे. तिनं तुमच्या मायेपोटी लपवलं, तिच्यावर रागावू नका. मीही लपवणार होतो. पण कॉलनीतली ती दोन माणसं तुमच्या शब्दावर घर घेतील, आणि पुढच्या वर्षी त्यांचा रंग सुटेल तेव्हा ती तुमचं नाव घेतील. ते मला सहन होणार नाही. कृपा करून त्यांना खरं काय ते सांगा.

तुमच्यासमोर हे लिहिणारा मी कोण, असं लिहिताना दहादा वाटलं. रागावलात तर रागाचं पत्र पाठवा, पण पाठवा.

घर घेतलं ते एका बारशात निघतं म्हणून नाही, आणि लग्नाचा खर्च निघाला म्हणून सोडलंही नाही. आईला ते हवं आहे. मलाही कधीपासून हवं आहे. स्वयंपाकघराची टिनं दोन वर्षं तशीच राहतील, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत गिलावा काढायला घेणार आहे. ठेकेदार मुलगा चांगला आहे, पण त्याला मधल्या खोलीत खिडकी पाडायची आहे आणि कुठं पाडावी ते त्याला उमगत नाही. पूर्वेला शेजारची भिंत लागून आहे. पश्चिमेला सीताफळाचं झाड आहे, पण दुपारचं ऊन सरळ आत येतं. आई दुपारी तिथं पडेल, उन्हात तिचं डोकं दुखतं, आणि अंधारात तिला करमत नाही. मला काही सुचत नाही, मामा. तुम्ही या, खुर्ची टाकून बसा, दिवसभर ऊन पाहा आणि सांगा. तोवर त्या भिंतीला मी कुणाला हात लावू देत नाही.

तुमचा,
गुरुजी