कॅलेंडरवरची स्थळं

भिलाईत पोलादाची भट्टी उभी राहत होती तेव्हा माझं लग्नाचं वय झालं होतं आणि येईल ते स्थळ मी नाकारत होते. एक फार बोलायचा, एक नाकात बोलायचा. खरं कारण मात्र आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं. दुर्गच्या कापडदुकानाचं कॅलेंडर, आणि त्यावर देश घडवणारे पुढारी रांगेत उभे. त्यांच्याकडे बघत मी तांदूळ निवडायची आणि मनाशी म्हणायची, नवरा असावा तर असा, कधीच न चुकणारा.

त्या संध्याकाळी प्लांटात क्रेन चालवणारा एक मुलगा मला पाहायला येणार होता. बाबांनी बजावलं होतं, हेही मोडलंस तर पुढचं तुला न विचारता ठरवीन. आई रडकुंडीला आली होती. पोह्यांचा कांदा चिरायला शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, सुरी ठेवली आणि कॅलेंडर सरळ खिळ्यावरून काढलं.

"सांग, यातला कोन पायजे तुले?"

मी पहिल्यावर बोट ठेवलं.

"हा? हा जेलात जाऊन बसन. लेकराले बाप म्हून तू फोटो दाखवशीन का?"

मी दुसरा दाखवला.

"याचा राग लय मोठा हाय म्हन्ते. मीटिंगीत कागद फेकते. भाजीत मीठ जास्त झालं त काय फेकन?"

तिसऱ्याचं धोतर बघून तर त्या कळवळल्याच. "पांढरंफेक हाय व माय! भिलाईची ही लाल धूळ, धुनं कोन धुवन?"

"मंग हा?" मी चिडून शेवटचा दाखवला.

"त्याच्या बाजूचा पाह्य. दोघंबी मिळून राज्य चालवून राह्यले, अन् आपसात अबोला. जावाजावा बऱ्या!"

आईने घाईघाईने कॅलेंडरला हात जोडले आणि मग पदर तोंडात कोंबून जी हसत सुटली! मी हसता हसता जमिनीवरच बसले. माझे देव चांगलेच खाली आले होते आणि गंमत म्हणजे मला ते आता जास्त आवडत होते. रुसणारी, तडकणारी, कपडे मळवणारी माणसं, आणि तरी केवढं करून बसलेली!

पाहुणे आले तरी हसू काही थांबेना. पोह्यांची ताटली देतानाही मी फिसकन हसले. मुलाला वाटलं, मी त्यालाच हसतेय. त्याचे कान लाल झाले. त्याच्या मामांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का पोरी? असं विचारायची रीत होती, उत्तर द्यायची नव्हती. पण त्या दिवशी माझं डोकं जागेवर नव्हतं.

"तुमाले राग येते का?" मी मुलाला विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. मामा खोकले. मुलाने ताटली खाली ठेवली.

"येते," तो म्हणाला. "बोलून जातो काहीबाही. मंग मलेच रडू येते."

"अबे, चूप!" मामा ओरडले.

मी बाबांकडे वळले. "मले पसंत हाय," मी म्हटलं, आणि तो बिचारा माझ्याआधी लाजला.