फुटल्या कातडीवरचं मलम

मुलुंडला औषधाच्या कारखान्यात मी बाटल्या धुवायचो. छप्पन-सत्तावन साल असेल. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे सिलिकॉन म्हणजे नक्की काय ते तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. एवढं ठाऊक की इंजेक्शनच्या बाटल्यांना ते आतून लावून भट्टीत भाजायचे. मग औषध काचेला चिकटायचं नाही, शेवटचा थेंबसुद्धा सुईत यायचा. आम्हा धुणाऱ्यांना त्याचंच मलम मिळायचं. सोड्याच्या पाण्याने हात सोलून निघायचे, पण मलम चोळलं की पाणी कातडीला भिडायचंच नाही. जितकं जाड लावाल तितका हात शाबूत, असं आम्ही सगळेच धरून चाललेलो.

त्याच वर्षी बायको विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही कळेना, लघवी झालेलीही कळेना. मूलबाळ नव्हतं. मी कामावर गेलो की शेजारीण बघायची, पण ती तरी किती वेळा बघणार? ओल्यात पडून पडून माकडहाडापाशी कातडी लाल झाली.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगितलं. त्याने त्याच मलमाचा डबा दिला. म्हणाला, "धड कातडीवरच लाव रे. फुटली की बंद. आणि रोज पुसून नवीन लावायचं."

महिनाभर झकास चाललं. लघवी अंगावरून घरंगळून जायची. लाली उतरली. बायको हसून म्हणाली, "तुमी माझा अळवाचा पान करून ठेवल्यात."

मग माझ्या मागे दोन-दोन पाळ्या लागल्या. पुसायचं राहू लागलं. एक दिवस बघतो तर रुपयाएवढी कातडी फुटलेली. कंपाउंडरचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण मला वाटलं, डबा वाचवायला सांगतोय. जे पाणी आत जाऊ देत नाही ते घाण कशी जाऊ देईल? बोटभर जाड थापलं, वर फडकं बांधलं. जखम दिसेनाशी झाली आणि मला बरं वाटलं.

चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, "ओ, वास येता. सोडून बगा."

"मलमाचो वास तो. गप रव."

त्या मलमाला वास नसतो. रोज हातांना चोळत होतो, मला माहीत नव्हतं? पण फडकं सोडायची छाती झाली नाही.

ताप चढला तेव्हा डॉक्टर आणला. त्याने फडकं सोडलं, मलम खरवडलं. खाली मूठ जाईल एवढा खड्डा.

"बाहेरचं आत जाऊ नये म्हणून हे असतं," तो म्हणाला. "मग आतला पू बाहेर कुठून येणार? कोणी लावलं?"

मी खालचं घमेलं उचललं. पालथी पडल्या पडल्या तीच बोलली, "मीच सांगलंय लावूक. ते नको म्हणी होते."

डॉक्टरने तिला झाप झाप झापलं. मी पूचं घमेलं धरून उभा.

पेनिसिलिन दिलं. आठव्या दिवशी गेली. मधे डॉक्टर तीनदा येऊन गेला, तीनदाही मी तोंड उघडलं नाही.

दाखला लिहिताना तो म्हणाला, "बायकोचं ऐकलंत, तिथेच चुकलात."

मी हो म्हटलं.