एकल्यानं

सुजाताचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन चपला काढत होते. सुजाता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गौतमची बायको. एरवी ती आधी जेवणाचं विचारते. त्या दिवशी म्हणाली, "ताई, घरात एकल्याच हाय का? शेजारच्या कोणाले तरी बोलवा आधी." काय झालं ते सांग, म्हटलं, तर पुन्हा तेच. शेवटी मी शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्या पिठाच्या हातांनीच धावत आल्या, आणि मग सुजातानं सांगितलं... वाईट बातमी आमच्याकडं एकट्या माणसाला देत नाहीत. त्याला धरायला कुणीतरी जवळ लागतं. गौतम गेला तिथं मात्र त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

मी खामगावात मराठी शिकवते. 'एकट्यानं' म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय, असं मुलांना फळ्यावर लिहून देते. दुसरबीडच्या पुढं असलेल्या आमच्या गावात एवढ्यावर भागत नाही. तिथं बाई तालुक्याला जाऊन आली की "एकलीच गेल्ती का?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत राहतात. म्हातारा एकलाच जेवतो म्हणताना चुकचुकतात. पण धडधाकट पुरुषानं अवघड काम 'एकल्यानं' केलं की तोच शब्द कौतुकाचा होतो. गौतमचं ते कौतुक उभ्या गावानं केलं. मला ते सुरुवातीपासून खटकायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. मास्तरीण आहे, गप्प बसणं जमत नाही.

गौतम विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायचा. या कामाची एक जुनी रीत आहे. एकजण आत उतरतो आणि दुसरा काठावर बसतो. काठावरच्यानं अधूनमधून हाक मारायची, "हाय का बे?" आणि आतल्यानं "हाव", म्हणजे हो, म्हणायचं; आतल्यानं हाक मारली की काठावरच्यानं. हाव आलं नाही की लगेच माणसं गोळा करायची. गौतमचा जोडीदार होता महादू. एकदा गौतम आत असताना हा गडी सुपारी-तंबाखूचा खर्रा आणायला फाट्यावर गेला आणि तिथंच गप्पांत रमला. इकडं दोर निसटून पाण्यात पडला. गौतम मोटारीच्या पाइपाला धरून हाका मारत राहिला, घसा बसला तरी वर कुणी नाही. महादू आला तो खर्रा चोळतच. त्या दिवसापासून गौतमनं जोडीदार सोडला. मला म्हणाला, "काठावर बसलेला माणूस नसला तं काय होते ते पाह्यलं मी, ताई. आता कोणाच्या भरवशावर राहाचंच नाही." तो चिडला होता आणि त्याचं चिडणं बरोबर होतं, एवढं मला मान्य करावं लागतं.

मग गावानं त्याला डोक्यावर घेतलं. चहाच्या टपरीवर म्हणायचे, चार माणसं काऊन लावता बे, गौतम एकल्यानं काढते ना मोटार! ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा भाषणातही तेच. गुडघे दुखायला लागले तरी तो उतरायचाच. सुजाता म्हणायची, मी बसते काठावर, मले फक्त हाक माराची हाय. तो हसायचा. "लोक म्हणतीन, गौतमले आता बायकोचा आधार लागते." तिनं डबा घेऊन मागं जायला सुरुवात केली तर त्यानं तीन दिवस अबोला धरला. गुडघ्यांपेक्षा गावाच्या तोंडाची त्याला जास्त काळजी होती.

एप्रिलात जयंतीला गेले होते, तीच शेवटची भेट. सकाळी त्याच्याबरोबर एका विहिरीवर गेले. मला झाडाखाली बसवून तो उतरला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "हाय का बे वर?" मी उठणार तेवढ्यात खालूनच दुसऱ्या, जाड आवाजात उत्तर आलं, "हाव, हाय ना!" हाकही त्याची आणि हावही त्याचंच. हाक मारायची सवय सुटली नव्हती, म्हणून दोन्ही बाजू तोच सांभाळायचा. शेतातल्या बाया खुदूखुदू हसत होत्या. त्यांना हे रोजचं होतं. मीही हसले. पण दगडांवर आपटून वर येणारा तो दुसरा आवाज माझ्या भावाचा वाटेना. परतताना म्हटलं, हे बंद कर. तर म्हणाला, "अवं, गंमत असते ती."

पुढच्याच आठवड्यात तो रस्त्याकडच्या एका विहिरीत पडला. जेवायला आला नाही म्हणून सुजाता शोधत गेली, तेव्हा त्याची गाडी काठावर तापत उभी होती. पाय घसरला असावा, कंबरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले नसावेत.

गौतमच्या पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं पांगल्यावर गावातली कांताबाई मागं थांबली. त्या विहिरीवरूनच तिची शेताची वाट जाते. सुजातासमोर बसून पदराचं टोक पिळत ती म्हणाली, "त्या दिवशी मी गेली वं तिकून. आतून हाक आयकू आली मले... हाय का वर कोणी, हाय का. मले वाटलं, गौतमभाऊचं नेहमीचं चालू हाय. हसली अन् निंगून गेली."

सुजाता रडली नाही. तिनं इतकंच विचारलं, "मंग हाव आलं होतं का?"

कांताबाईनं मान हलवली. नव्हतं आलं.

मी तिथं आठवडाभर राहिले. सुजाता स्वयंपाक करते, कपडे धुते, आल्यागेल्याला पाणी देते. पण बाहेर रस्त्यावर कुणीही कुणाला हाक मारली, शेरडांमागची बाई असो की भाजीवाला, की ती हातातलं टाकून दाराशी येते आणि मोठ्यानं म्हणते, "हाव." हाक तिला नसते. हाक मारणारा बावरून बघतो आणि पुढं जातो... ती उंबऱ्यात तशीच उभी राहते, खालून आणखी काही येतं का ते ऐकत.