अळूखालचं घंगाळ

काहीही न उगवणाऱ्या जागेला वर्षानुवर्षं नेमाने पाणी घालणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं भाग्य. सातपूरला एका बंद पडलेल्या कारखान्याची रिकामी वसाहत आहे. तीन मजली चार इमारती, खिडक्या गेलेल्या, गच्चीवर पिंपळ. दुपारी तिथे उभं राहिलं की आपलीच झोप लांबून चालत येताना दिसते. मामा तरुणपणी तिथे वायरमन म्हणून लागले. कारखान्याला टाळं लागलं, बिऱ्हाडं पांगली, मामा घरी बसले, पण चौथ्या इमारतीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याला बादलीभर पाणी घालायला ते सायकलवरून जातच राहिले. त्या खड्ड्यात मीठ-कोळशाच्या थरात त्यांनी स्वतः पुरलेला तांब्याचा पत्रा होता. कुठे करंट उतरलाच, तर तो माणसाच्या अंगातून न जाता तिथून जमिनीत जायचा. "जमीन कोरडी पडली की वीज वाट चुकते," असं मामा इतक्या मायेने म्हणायचे की मला वीज म्हणजे संध्याकाळी गोठ्याकडे परतणारी गाय वाटायला लागायची.

मामांचा उलटा हात हा आणखी एक प्रकार. संशयाच्या वस्तूला वायरमन हाताची मागची बाजू लावतो. करंट असला तर मूठ आत मिटते आणि हात सुटतो, तळहात लावला तर चिकटून बसतो. कामावर हे ठीक. मामा मात्र भाच्यांचा ताप उलट्या हाताने बघायचे, कलिंगड उलट्या हाताने चाचपायचे. आमच्या लग्नात मी पाया पडायला वाकलो, तेव्हा टाळूला उलटी बोटं टेकली आणि मी सुरक्षित असल्याची खात्री पटल्यावरच "सुखी राहा" असं ऐकू आलं. मामी म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली, या माणसानं मला सरळ हात म्हणून लावला नाही. मी काय करंट मारते?" त्यावर मामा गंभीरपणे म्हणायचे, "खात्री कोणी द्यावी!" मामी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं माहेरचं तांब्याचं घंगाळ मामा दर रविवारी चिंचेने घासून न्हाणीघरात पालथं ठेवायचे. वापरत कोणी नव्हतं.

रिकाम्या इमारतीतलं तांबं काही टिकत नाही. आधी जिन्यातल्या केबली गेल्या, मग तीन इमारतींचे मेन बोर्ड उघडून आतल्या पट्ट्या गेल्या. मामा प्रत्येक वेळी एक दिवसाचं सुतक पाळायचे. चौथ्या इमारतीत तळमजल्यावर वॉचमन आणि त्याची बायको राहतात, म्हणून तिथली वीज तेवढी जुन्या बोर्डावरून चालू होती. एका सकाळी त्या बाईचा फोन आला. "मामा, नळाला हात लावला का मुंग्या येत्यात." मामा चहा तसाच टाकून उठले. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो.

त्यांनी आधी मेन स्विच पाडला आणि मग मागे गेले. खड्डा उघडा पडला होता. तार गेली होती, पत्राही गेला होता. आजूबाजूचा मुरूम असा कडक की कुदळ उडावी, आणि एवढीच जागा लोण्यासारखी. मामा काठावर बसले. "मीच मऊ करून ठेवली रे. इतकी वर्षं चोरासाठी पाणी घातलं." मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं, कारण मागून ती बाई म्हणत होती, "मी तं समदं वल्या हातानीच करते, मामा." मामांचा चेहरा बघवेना. अर्थिंग झाल्याशिवाय स्विच वर करायचा नाही, असं तिला तीनतीनदा बजावून ते निघाले.

दुसऱ्या दिवशी मामा स्कूटरवर माझ्या मागे बसले ते मांडीवर घंगाळ घेऊन. तांबट लेनमधल्या कारागिराने ते फिरवून पाहिलं. "काका, असं काम आता होत नाही. मोडू नका." "मोडत नाहीये," मामा म्हणाले, "सपाट करायचंय." हातोडा पडायला लागला तसे ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी न राहवून म्हटलं, "मामा, लोखंडी पत्र्यानं भागलं असतं. तो कोणी चोरतही नाही." "भागलं असतं की," ते म्हणाले. "पण तुझ्या मामीला रिकामं भांडं बघवायचं नाही."

पत्रा पुरला, नवी तार जोडली, स्विच वर गेला. पण पाणी तर घालायलाच हवं आणि पाण्याने जमीन पुन्हा मऊ होणार. यावर उपाय त्या बाईने काढला. तिने वरच्या मातीत अळू लावलं. "अळवाला पानी घालताना कोन बघतंय? चोर आलाच तं पानं न्हेईल."

परवा गेलो तर अळू गुडघ्याच्या वर आलेलं, वाऱ्यावर सावकाश माना हलवत होतं. बाई बिनधास्त नळ धरून भांडी घासत होती. वड्यांसाठी तिने पानं बांधून ठेवली होती. मामांनी नळाला सवयीने उलटा हात लावला, मान डोलावली, बादली भरली आणि अळवाच्या बुडाशी हळूहळू ओतली. मग पानं बाजूला करून ते खाली बसले आणि ओल्या मातीवर त्यांनी हात ठेवला. सरळ, पुरता तळहात. बराच वेळ तो त्यांनी उचलला नाही.