गहिनीनाथाचं जपानी

शिंगणापूरच्या गहिनीनाथानं शाळा केली मराठी चौथीपर्यंत आणि जपानी शिकला तो आगबोटीवर. साल शेहेचाळीस. लढाई संपलेली, आणि त्याची मराठा पलटण जपानात पहाऱ्याला निघाली होती. हवालदार रोज अडीनडीचे शब्द घोकवून घ्यायचा, पाढे म्हणवावेत तसे. तासुकेते कुदासाई, म्हणजे मदत करा. इशा म्हणजे डॉक्टर. हेबी म्हणजे साप. शेजारी बसलेला केडगावचा राधाकृष्ण चिडवायचा, "लई घोकतुयास! तिथली बायकू करायचा इचार हाय का?"

आणि जपानात उतरल्यावर एका सुट्टीच्या दिवशी दोघं डोंगराकडं फिरायला गेले, तर गवतात राधाकृष्णालाच साप डसला. बघता बघता पाय भोपळ्यासारखा सुजला. गहिनीनाथानं वर रुमाल बांधला, त्याला झाडाला टेकवलं आणि खालच्या वाडीकडं धूम ठोकली.

पहिलंच घर गाठलं. आता हा पडला शिंगणापूरचा! त्याच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. कडी वाजवायची सवय कुणाला? त्यानं ते सरकतं दार पडद्यासारखं बाजूला लोटलं आणि बुटांसकट थेट आतल्या चटईवर जाऊन ओरडला, "तासुकेते कुदासाई! हेबी! इशा!"

शब्द अगदी बरोबर. पण घरातल्या म्हातारीला शब्द कुठले ऐकू येतात? तिला दिसला जिंकलेल्या फौजेचा शिपाई, घरात घुसलेला. ती किंचाळून कोपऱ्यात दडली.

गहिनीनाथाची नजर चटईवरच्या चिखलावर गेली. 'आरं द्येवा, आपुन ह्ये काय केलं!' तो उलट्या पावली बाहेर आला, दार लावलं, बूट काढले, आणि अंगणात हात जोडून तेच शब्द पुन्हा म्हणाला, हळू आवाजात. दार काही उघडेना. तिकडं राधाकृष्ण एकटा पडलेला. गड्यानं तेच तिसऱ्यांदा म्हटलं.

दार बोटभर सरकलं. "हेबी?"

त्यानं घोट्याला दोन बोटं टोचून दाखवली. मग काय विचारता! म्हातारीनं अशी हाळी दिली की सगळी वाडी गोळा झाली. तिचा मुलगा हातगाडी घेऊन डोंगराकडं पळाला, दुसरा कुणी सायकलवरून डॉक्टरला आणायला सुटला.

गाडीवरून आणलेल्या राधाकृष्णाला सुई टोचून डॉक्टर कितीतरी वेळ नाडी धरून बसले. शेवटी मान डोलावून म्हणाले, "दाइजोबू."

हा शब्द काही हवालदारानं शिकवला नव्हता. पण म्हातारी खुदकन हसली, तसा गहिनीनाथाला अर्थ उमगला.

राधाकृष्णानं डोळे किलकिले केले. "काय म्हनत्यात रं?"

"वाचलास म्हनत्यात, मर्दा. पड आता गप!"